उलट्या ड्रमवरची जागा

विमलआत्या गेल्याची बातमी मला इंग्रजीत मिळाली. संभाजीनगरच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. पप्पा, मी आणि आत्याचे यजमान उत्तममामा. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. छातीच्या डॉक्टरीणबाई दार ढकलून बाहेर आल्या आणि नेहमीप्रमाणे माझ्याशी बोलू लागल्या. त्या मूळच्या दक्षिणेतल्या. मराठी त्यांना समजायचं, थोडं बोलताही यायचं, पण वाईट काही सांगायचं असलं की त्या इंग्रजीकडे वळायच्या. मी ऐकून घेतलं, मान हलवली आणि मामांकडे वळले. हे मराठीत कुठून सुरू करायचं याची मनात जुळवाजुळव चालली होती, तोवर मामा उठून उभे राहिले होते. "राहू दे बेटा," ते म्हणाले. "सांगू नको. कळलं मला." मग वाकून त्यांनी बाकाखालची कापडी पिशवी उचलली. तिच्यात आत्याच्या चपला होत्या, घरी जाताना लागतील म्हणून आणलेल्या.

घरात मी कमी बोलणारी म्हणून प्रसिद्ध आहे. जालन्याला इंग्रजी शाळेत शिकले, आता नोकरीला संभाजीनगरला असते, आणि नातेवाइकांना वाटतं की शिकल्यामुळे बोलत नाही. आत्याला तसं कधी वाटलं नाही. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत वडीगोद्रीला तिच्याकडे गेले की ती लांबूनच म्हणायची, "आली का आमची इंग्लिश मॅडम. या, बसा, आमचं गावंढळ पाणी प्या." दोघींच्या वाट्याचं ती एकटीच बोलायची. मला फक्त शेजारी बसून राहायचं असायचं, आणि तेवढं तिला पुरत होतं. माझ्या आयुष्यात अशी माणसं फार नाहीत.

मामांचं गॅरेज अगदी हायवेला लागून आहे. पुढे ट्रक उभे राहायची मोकळी जागा, मागे दोन खोल्या, त्यामागे अंगण आणि अंगणात एक मोठा कडुलिंब. लिंबाखाली ट्रकच्या चाकातला एक जुना लोखंडी ब्रेक ड्रम उलटा ठेवलेला असायचा. त्यावर घडी घातलेलं पोतं, आणि त्यावर आत्या. ती तिची जागा. समोर लाकडी ठोकळा, हातोडी, छिन्नी, कानस. ट्रकच्या चाकात ड्रमच्या आत कमानीसारखे लोखंडी तुकडे असतात, त्यांच्या पाठीवर एक जाड पट्टी ठोकलेली असते. तिला लायनर म्हणतात. ब्रेक दाबला की ती ड्रमला घासते आणि गाडी थांबते. झिजलेलं लायनर छिन्नीनं उडवायचं, नवं ठोकायचं आणि कडा कानशीनं घासून गोल करायच्या, हे काम आत्या करायची. दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू व्हायच्या आधी तर ट्रकवाल्यांची रांग लागायची. मामा पुढे चाकं खोलायचे, आत आणून द्यायचे, आत्या तयार करून परत पाठवायची. "आमची इमल मागं हाय म्हणून पुढं माझं दुकान चालून राह्यलंय," असं मामा गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे आणि आतून आत्या ओरडायची, "मंग बोर्डावर माझं नाव टाका की."

हे बसून करायचं काम तिच्याकडे का आलं, तेही सांगायला हवं. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्यात तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली. लग्नानंतर ते कळलं. मूल होऊ देऊ नका, दम लागेल असं काम करू नका, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं. गावातल्या, भावकीतल्या सगळ्या बायका रानात जायच्या. कापूस वेचायला, खुरपायला. आत्या एकदा गेली आणि बांधावरच बसून राहिली. लोक बोलले. मामांनी कुणाला उत्तर दिलं नाही, दुसऱ्या दिवशी एक निकामी ड्रम लिंबाखाली नेऊन उलटा टाकला आणि म्हणाले, "बस हितं. सावलीत बसून जेवढं होईल तेवढं कर. न्हाई झालं तर मी हाय." ही गोष्ट आत्यानं मला कितीतरी वेळा सांगितली होती. सांगताना ती नेहमी काहीतरी निवडत, सोलत असायची. माझ्याकडे बघायची नाही.

मला त्या अंगणातलं सगळ्यात जास्त काय आठवतं, तर एक राखाडी रंग. ठोकळा, तुळशीच्या रोपाची पानं, वाळत घातलेले कपडे, आत्याच्या भुवया... सगळ्यांवर तो असायचा. कानस चालायला लागली की बारीक धूळ उठायची आणि उन्हाच्या तिरिपेत चमकायची. लहानपणी मला ती सुंदर वाटायची. संध्याकाळी आत्या उठून उभी राहायची, पदर झटकायची, आणि तो रंग परत हवेत जायचा. दुपारी जागेवर बसण्याआधी ती तांब्याभर पाणी त्या पोत्यावर ओतायची, कारण लोखंड तापलेलं असायचं. एकदा मला वाटलं, पाणी टाकल्यावर धूळ बसते, मग लायनरवरही टाकावं. मी तांब्या घेऊन गेले आणि टाकलं. आत्या कधी माझ्यावर ओरडली नव्हती, त्या दिवशी ओरडली. "अगं मॅडम, काय करून राह्यलीस! ह्याला पाणी लागलं की ब्रेक धरत न्हाई. उद्या उसाचा ट्रक कुणाच्या घरात घुसला मंग?" तिनं ती पट्टी पदरानं पुसली, उन्हात वाळत ठेवली आणि मला जवळ घेतलं. लायनरला पाणी आणि तेल लागू द्यायचं नाही, हा त्या घरातला नियम होता. चप्पल घालून स्वयंपाकघरात यायचं नाही, तसा.

पुढे लायनर ठोकलेले तयार तुकडे दुकानातून मिळू लागले. अंगणातलं काम हळूहळू बंद पडलं. ठोकळा चुलीत गेला, ड्रम तेवढा राहिला. आत्या त्याच्यावर बसून पेपर वाचायची, भाजी निवडायची. दम वाढत गेला, तो झडपेमुळेच, असं सगळे धरून चालले होते. आम्हीही. शेवटी आता झडप बदलण्यावाचून इलाज नाही असं ठरलं. "वॉलच बदलायचा ना," मामा म्हणाले, "मी फुकटात बदलून दिला असता." आत्या म्हणाली, "तुम्ही बदलला असता तर दर पावसाळ्यात खोलावा लागला असता." त्या दिवशी घरात सगळे हसले होते.

ऑपरेशनच्या आधी दाखवायला नेलं तेव्हा मी सोबत नव्हते. पेशंट काय काम करतात, असं विचारल्यावर मामा म्हणाले, "घरीच असते." आत्यानंही तेच सांगितलं. त्यात लपवाछपवी नव्हती. लिंबाखाली बसून तिनं जे केलं, ते दोघांच्या लेखी काम नव्हतंच. काम म्हणजे रानात जाणं, रोजानं जाणं. छातीच्या फोटोत काही डाग दिसत होते, ते जुन्या टीबीचे असतील असं कुणीतरी म्हणालं, आणि आमच्या भागात ते कुणालाही पटण्यासारखं होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, म्हणून इथेही लिहून ठेवते. नवी झडप नीट चालत होती. फुफ्फुसं साथ देत नव्हती. श्वासाचं यंत्र काढलं की ऑक्सिजन खाली यायचा, पुन्हा लावायला लागायचं. फुफ्फुसाभोवती पाणी साचलं, बरगड्यांच्या मधून नळी घालून काढलं, पुन्हा साचलं. तेव्हा छातीच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी स्कॅन करून घेतलं आणि मला आत बोलावलं. मामा माझ्या मागे दाराशी औषधांची पिशवी धरून उभे होते. पडद्यावर फुफ्फुसाच्या आवरणावर पांढरे, कडक पट्टे दिसत होते, आणि खाली कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी. बाईंनी विचारलं, या कधी कारखान्यात कामाला होत्या का? सिमेंटच्या पत्र्यांच्या? मी नाही म्हणाले. मग मला तो राखाडी रंग आठवला, आणि मी ब्रेक लायनरचं सांगितलं. अंगण, कानस, पदर झटकणं, सगळं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी जे सांगितलं ते मला नीट समजलं, तो माझ्या शिक्षणाचा उपयोग. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस नावाचं खनिज सर्रास असायचं, आजही काहींत असतं. त्याचे तंतू इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर आत जातात आणि आतच राहतात, वर्षानुवर्षं गप्प. मी विचारलं, हे आधी कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, झडप तरीही बदलावीच लागली असती. जोखीम किती आहे ते आम्हाला आणि तुम्हाला माहीत असतं, इतकंच. मग उठताना म्हणाल्या, त्यांच्या यजमानांच्या छातीचाही फोटो काढून घ्या. ते अजून हेच काम करतात ना?

काही दिवसांनी आत्याला वॉर्डात हलवलं. नाकाला ऑक्सिजनची नळी, पण बोलता येत होतं. मामा खाली जेवायला गेले होते. तिनं विचारलं, "काय म्हणली गं ती बाई? खरं सांग. तुझ्या पप्पाला खोटं बोलता येतं, तुला न्हाई." मी सांगितलं.

"म्हंजी वॉलमुळं न्हाई?"

"थोडं त्यानं, थोडं ह्यानं."

"मंग ह्यांना सांगू नको."

मी म्हणाले, मामांचाही फोटो काढायचाय, कारण तर सांगावं लागेल. "दुसरं कारण सांग," ती म्हणाली. "शुगरचं सांग. तू शिकलेली, तुला सुचंल." मग श्वास घेण्यासाठी थांबली. "ऊन लागू नये म्हणून त्यांनी मला बसून करायचं काम आणून दिलं. लोक काय काय बोलत होते तवा... आख्ख्या गावात बायकोसाठी असं कुणी केलं न्हवतं. तेवढं त्यांच्यापाशी राहू दे." मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. तिनं त्याचा अर्थ हो असा घेतला आणि डोळे मिटले.

ती घरी आली. फार नाही, थोडेच आठवडे. खोलीत ऑक्सिजनचं यंत्र, आणि त्याची लांब नळी खिडकीतून बाहेर काढून लिंबापर्यंत नेलेली, कारण तिला पलंगावर बसायचं नव्हतं, ड्रमवरच बसायचं होतं. मामा म्हणाले, "बघ, ट्रकच्या ब्रेकसारखी हिला बी हवेची लाइन बसवली." ती म्हणाली, "तुमच्या ट्रकपेक्षा बरी हाय. गळत तरी न्हाई." मी शेवटची तिला तिथेच नीट भेटले. आम्ही दोघी बसलो होतो आणि पुढे मामांनी एका ट्रकचं चाक खोललं होतं. ड्रममधली घाण उडवायला ते हवेचा पाइप मारतात, तसा त्यांनी मारला, आणि राखाडी ढग उठला. आत्यानं होता नव्हता तेवढा आवाज काढला. "अहो, तोंडाला काहीतरी बांधा!"

"आजवर न्हाई बांधलं. आता काय लगीन लागायचंय का माझं?"

"बांधा म्हणते न मी."

मामांनी खिशातून रुमाल काढला आणि बांधला. आत्यानं माझ्याकडे बघितलं. बोलायला तेवढा श्वासही उरला नव्हता.

मग जंतुसंसर्ग झाला, परत दवाखाना, परत यंत्र, परत तो बाक. पुढचं सुरुवातीला लिहिलं आहे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मांडव होता. भन्तेजींनी वंदना घेतली. आत्याचा फोटो बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी ठेवला होता, त्यात ती कॅमेऱ्याकडे संशयानं बघत होती. जेवणाच्या पंगतीत लोक एकच बोलत होते. "ऑपरेशन करायलाच नको होतं." "चाललं होतं तसं चालू द्यायचं." "मोठ्या दवाखान्यात नेलं की माणूस परत येत न्हाई." मी वाढत होते. एकेकाला थांबवून सांगावं असं वाटलं, पण सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि मामा हाताच्या अंतरावर होते. त्या दिवसांत मी इतकी थकले होते की गप्प राहणं हेच एक काम वाटत होतं, आणि ते मला जमत होतं.

पण मामांच्या छातीच्या फोटोचं राहिलं होतं. मामांना खोकला होता, तो आधीपासून होता, पण आता मला तो ऐकू येत होता. दोन्ही बाजूंनी विचार करून झाला. कारण सांगितलं तर आत्यानं जपून ठेवायला सांगितलेली गोष्ट मी मोडणार होते. नाही सांगितलं तर मामा फोटोही काढणार नाहीत आणि हवा मारणंही थांबवणार नाहीत. शेवटी एका रविवारी वडीगोद्रीला गेले. मामा गॅरेजच्या पायरीवर एकटेच बसले होते, समोर ब्रेकचे खोललेले तुकडे आणि शेजारी बादली. मी आत्यानं शिकवलेलं खोटं बोलले. म्हणाले, तुमची शुगर बघायची आहे, आणि छातीचा एक फोटो काढायचाय.

"शुगर," मामा म्हणाले. "छातीच्या फोटोत शुगर दिसती का?"

मी खाली बघितलं.

"इमलनं सांगितलं व्हय असं सांगायला?"

मामा हसल्यासारखं करून खोकले. "तू त्या बाईशी बोलून राह्यली होतीस, मी दाराशी उभा होतो. बाकीचं काही कळलं न्हाई. पण लायनर कळलं. इंग्लिशमधी बी लायनरला लायनरच म्हणतात, बेटा. आणि तू सांगितल्यावर त्या बाईनं पेन खाली ठेवलं, ते बी बघितलं."

"मग आत्याला का नाही बोललात?"

"काय बोलायचं? तिला वाटून राह्यलं होतं, मला ठाऊक न्हाई. तिच्या मनासारखं तेवढं तरी होऊ दिलं." हायवेवरून कापसाचा एक ट्रक गेला. "कधी कधी वाटतं, रानात गेली असती तर..." ते थांबले. मग स्वतःच म्हणाले, "रानात गेली असती तरी न्हाई टिकली असती. बिलकुल न्हाई." हे त्यांनी स्वतःला आधी कितीदा सांगितलं असेल, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं.

मग त्यांनी एक तुकडा उचलला आणि बादलीत बुडवला. पाणी राखाडी झालं. मी विचारलं, याला पाणी चालतं? ब्रेक धरत नाही ना मग?

"वाळतं की," मामा म्हणाले. "उन्हात ठेवलं की वाळतं, आणि वाळलं की धरतं बराबर. एवढी वर्षं आम्हीच उगं..." तांब्या तेव्हाही आत्याच्या हाताशीच असायचा.

मंगळवारी ते फोटो काढायला आले. त्यांच्याही छातीत तसे पट्टे आहेत, आत्यापेक्षा कमी. बाईंनी अधूनमधून दाखवायला सांगितलंय आणि कोरडी धूळ बंद करायला सांगितलीय. ते दाखवायला येतील असं वाटतं. हे सगळं लिहू का, असं मी त्यांना विचारलं. मला वाटलं होतं नको म्हणतील. ते म्हणाले, "लिही. हायवेवर अजून लई जण हवा मारून राह्यलेत. आणि तिनं काय काम केलं ते बी लिही. घरीच असते, असं नको लिहू."

ड्रम अजून लिंबाखाली आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला. त्यावर कुणी बसत नाही, पाहुणेसुद्धा बाजूची खुर्ची ओढतात. पण दुपार झाली की मामा हातातलं काम ठेवून अंगणात जातात आणि तांब्याभर पाणी त्या पोत्यावर ओततात. गेल्या वेळी मी खिडकीतून बघत होते, हे त्यांच्या लक्षात आलं. "कुणी बसत न्हाई म्हणून काय झालं," ते म्हणाले, "लोखंड तापतंच की." पोतं मधोमध दबलेलं आहे, बसून बसून. पाणी आधी त्या खळग्यात साचतं, आणि मग हळूहळू आत मुरतं.